तमाशबीन की गवाह?

अलास्काच्या क्रूझच्या वेळापत्रकात एक दिवस असा असतो की त्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही. त्याला 'सीनिक सेलिंग डे' म्हणतात. त्या दिवशी कुणी खाली उतरत नाही, बाजार नसतो, बसची सहल नसते. तीन-चार हजार माणसांना घेऊन जहाज एका खाडीत शिरते, हिमनदीसमोर तासभर थांबते, दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना सारखाच नजारा मिळावा म्हणून जागच्या जागी सावकाश फिरते आणि आल्या वाटेने परत निघते. दिवसभराचे काम एकच, पाहणे.

ही गोष्ट आता आपल्यापासून फार लांबची राहिलेली नाही. पुण्या-मुंबईच्या टूर कंपन्या अलास्काच्या सहली विकतात. अमेरिकेत नोकरीला गेलेली आपली मुले अम्मी-अब्बांना बोलावून घेतात तेव्हा नायगारानंतर क्रूझचा विचार होतो. मीही कंपनीच्या कामासाठी सिएटलला असताना सहकाऱ्यांबरोबर एकदा जाऊन आलो. लहानपण गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांमध्ये गेलेल्या माणसाला निळा बर्फ पाहून काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको. पण मला इथे प्रवासवर्णन करायचे नाही. एक प्रश्न मांडायचा आहे. डोळ्यांदेखत नाहीशा होत चाललेल्या गोष्टीसमोर उभे राहिल्यावर आपण कोण असतो? तमाशबीन की गवाह?

हे दोन्ही शब्द आपल्या घरच्या बोलीतले आहेत. तमाशबीन पाहतो आणि घरी जातो. गवाहही पाहतो, पण पाहिल्यामुळे त्याच्यावर एक जबाबदारी येते. विचारले की सांगायचे, जसे पाहिले तसेच सांगायचे, आणि सांगण्याने आपले नुकसान होणार असले तरी लपवायचे नाही. आपल्या दीनची सुरुवातच शहादत या शब्दाने होते आणि शहादत म्हणजे गवाही. तरीही निसर्गाच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा तमाशबीनच राहतो.

मी जिथे गेलो ती जागा म्हणजे आग्नेय अलास्कातले ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान. तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी क्रूझ जहाजे सोडतात. खाडीच्या तोंडाशी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. खाडी सुमारे १०५ किलोमीटर आत जाते. १७५० च्या सुमारास ही सगळी जागा बर्फाने भरलेली होती. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक तिथे पोहोचले, तेव्हा आत शिरायला जेमतेम आठ किलोमीटर जागा होती. पुढे बर्फाची भिंत. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला, तोवर ती भिंत साठ किलोमीटरहून जास्त मागे सरकली होती. आज जहाज अगदी टोकापर्यंत जाते आणि मार्जरी हिमनदीसमोर थांबते. ही हिमनदी सुमारे दीड किलोमीटर रुंद आहे आणि तिचा कडा पाण्यावर वीसेक मजली इमारतीइतका उंच दिसतो. दाबून दाबून घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला लाल रंग शोषतो, म्हणून उरलेला निळा आपल्या डोळ्यांना दिसतो.

गवाही द्यायची तर पूर्ण द्यावी, म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. ग्लेशियर बेमधली सुरुवातीची माघार कारखान्यांच्या धुरामुळे झाली असे म्हणता येत नाही. १७५० नंतर तिथला बर्फ मागे हटू लागला तेव्हा कोळशाचे युग नीट सुरूही झाले नव्हते. युरोप-अमेरिकेत ज्याला 'छोटे हिमयुग' म्हणतात, त्याच्या अखेरीचा तो परिणाम होता. पण आज जगातल्या जवळपास सगळ्या भागांतल्या हिमनद्या एकाच वेळी झिजत आहेत, ही गोष्ट वेगळी आहे. १९९० च्या दशकापासून होत असलेल्या या जागतिक माघारीचे मुख्य कारण बहुतांशी माणूसच आहे, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीने २०२१ च्या अहवालात काढला. या दोन गोष्टींची गल्लत केली की विरोधकाच्या हाती आयते कोलीत मिळते.

त्या तासाभरात कड्याचा एक मोठा तुकडा कोसळला. जहाज दूर उभे असल्यामुळे तुकडा पडताना आधी दिसतो, आवाज मागाहून येतो. तिथले मूळ रहिवासी त्याला 'पांढरी गर्जना' म्हणतात. आवाज आला आणि डेकवर टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. हिमनदीचा कडा समुद्रात कोसळणे ही नैसर्गिक क्रिया आहे आणि आनंदाने टाळी वाजवणे हा गुन्हा नाही. मला खटकले ते त्यानंतरचे. जेवणाची घोषणा झाली, डेक रिकामा झाला आणि विषय संपला. जहाजाची रचनाच तशी आहे. वर काच, आत ऊब, खाली इंजिन. जहाज थांबले तरी वीज तयार करणारी इंजिने चालूच राहतात, कारण हजारो माणसांचे दिवे, स्वयंपाकघर आणि गरम पाणी त्यांच्यावर चालते. म्हणजे ज्या धुराने बर्फ झिजतो तो धूर सोडतच आपण बर्फ पाहायला जातो. नॉर्वेने याची दखल घेतली आहे. तिथल्या जागतिक वारसा फ्योर्डमध्ये शून्य उत्सर्जन असलेल्याच प्रवासी जहाजांना प्रवेश द्यायचा, असा ठराव २०१८ मध्ये त्यांच्या संसदेने केला. हा नियम छोट्या जहाजांना २०२६ पासून आणि मोठ्यांना २०३२ पासून लागू करायचे ठरले आहे.

त्याच खाडीची दुसरी बाजू म्हणजे हुना त्लिंगिट लोक. बर्फ येण्यापूर्वी त्यांची गावे याच जागी होती. अठराव्या शतकात बर्फ पुढे सरकला आणि त्यांना घरे सोडावी लागली. बर्फ मागे हटल्यावर ते मासेमारीला, शिकारीला, पक्ष्यांची अंडी वेचायला परत येऊ लागले. पण १९२५ मध्ये ही जागा संरक्षित झाली आणि पुढे त्यांच्या या कामांवर एकेक बंदी येत गेली. जो प्रदेश त्यांच्यासाठी घर होता तो इतरांसाठी देखावा झाला. त्यांनी आपली हकीकत सांगणे थांबवले नाही. २०१४ मध्ये कायदा होऊन त्यांना अंडी गोळा करण्याचा हक्क पुन्हा मान्य झाला आणि २०१६ मध्ये उद्यानातच त्यांचे जमातघर उभे राहिले. संरक्षणाच्या नावाखाली माणसांना बाहेर काढायचे आणि पर्यटकांना आत घ्यायचे, हा अनुभव आपल्याकडच्या जंगलांभोवतालच्या गावांनाही नवा नाही.

आइसलँडमध्येही एक गवाही दिली गेली. ओक्योकुल नावाची हिमनदी इतकी पातळ झाली की ती स्वतःच्या वजनाने सरकेना. सरकत नाही ती हिमनदी नाही, म्हणून २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी ती संपल्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०१९ मध्ये लोक डोंगर चढून तिथे गेले आणि त्यांनी एक धातूची पाटी बसवली. काय घडते आहे आणि काय करायला हवे हे आम्हाला माहीत होते, असे त्या पाटीवर पुढच्या पिढ्यांना उद्देशून नोंदवले आहे. आम्ही ते केले की नाही, हे त्या पिढ्यांनीच ठरवायचे आहे. खाली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे त्या वेळचे प्रमाण कोरले आहे, ४१५ पीपीएम. दगडावर लावलेली ती एक जबानीच म्हणायची.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा व्हिडिओ आला की तीन प्रकारची उत्तरे येतात. पहिले, 'सुबहानल्लाह' आणि फॉरवर्ड. दुसरे, 'कयामत की निशानी है'. तिसरे, 'भाई, ये सब अमीरों के चोचले हैं, हमारे मसले अलग हैं'. तिन्ही उत्तरांमागे काहीतरी खरे आहे, म्हणून त्यांच्याशी गंभीरपणे बोलायला हवे.

पहिल्यात सौंदर्याची कदर आहे. पण जी गोष्ट ईश्वराची निर्मिती म्हणून आपल्याला थक्क करते, तिच्या नाशाबद्दल आपल्याला काहीच वाटत नसेल, तर ती कदर अपुरी आहे. कुरआन माणसाला फिरायला, पाहायला आणि विचार करायला वारंवार सांगते. त्यातले फिरणे आपण घेतले, पाहणे कॅमेऱ्याकडे सोपवले आणि विचार वगळला.

दुसऱ्या उत्तरात भीती आहे, पण ती भीती माणसाला कामातून मोकळे करते. सगळे ठरलेलेच असेल तर मी काय करू? तापमान का वाढते याची कारणे मोजता येतात, तर्काने तपासता येतात. ज्या गोष्टीचे कारण माहीत आहे तिला निशाणी म्हणून सोडून देणे हा आपल्याला मिळालेल्या अक्लेचा अपमान आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे आणि निसर्गाचे रक्षण करणे ही दोन्ही कर्तव्ये संविधानाच्या कलम ५१-क मध्ये एकामागोमाग एक येतात.

तिसरे उत्तर सर्वात अवघड आहे, कारण ते अनुभवातून येते. घर भाड्याने मिळत नाही, नोकरीच्या मुलाखतीत नाव ऐकून चेहरे बदलतात, शिष्यवृत्त्या बंद पडतात. अशा वेळी हिमनदीचे दुःख कुणाला सुचेल? हे मला मान्य आहे. पण याला जोडूनच एक सापळा आहे. वाहिन्यांवर, सभांमध्ये मुसलमान तरुणाला तलाक, हिजाब, दंगल आणि देशभक्ती एवढ्याच विषयांवर बोलायला बोलावतात. पाणी, शेती, वीज, जंगल या विषयांवर त्याला कुणी विचारत नाही. आपणही 'हमारे मसले अलग' म्हणालो, तर त्यांनी आखून दिलेल्या चौकटीत आपण स्वतःच जाऊन बसतो. नागरिक तो, ज्याला गावच्या तलावाबद्दल मत असते.

आणि हिमनदीचा मसला खरोखर तितका दूरचा आहे का? चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ चुनखडकाचे जुने पृष्ठ उघडे पडलेले आहे. त्यावर समांतर ओरखडे आहेत, जणू कुणी मोठ्या कानशीने घासावे तसे. १८७५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग दक्षिण ध्रुवाजवळ होता. तेव्हा सरकत्या बर्फाने दगडगोटे ओढत नेले, त्याच्या या खुणा. उन्हाळ्यात जिथे पारा ४५ च्या पुढे जातो, त्या विदर्भात एकेकाळी हिमनद्या होत्या. त्या काळच्या महाखंडाला भूवैज्ञानिक गोंडवाना म्हणतात. हे नाव ज्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून आले, ते आपले शेजारी आहेत.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. तो बर्फ वितळल्यावर दलदली झाल्या, दलदलीत जंगले वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. भारतातला बहुतेक सगळा कोळसा याच गोंडवाना खडकांतला आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. ते कोळशावर चालते. तिथली वीज राज्यभर जाते. पुण्यात माझा लॅपटॉप ज्या विजेवर चालतो, तिच्यात तिचाही वाटा असेल. म्हणजे एका काळचा बर्फ गेल्यावर जो कोळसा तयार झाला, तो जाळून आपण दुसऱ्या काळचा बर्फ वितळवतो आहोत. यात गोंदियाचा धान उत्पादक आणि क्रूझवरचा प्रवासी सारखे दोषी नाहीत. सरासरी अमेरिकन माणसाच्या मानाने सरासरी भारतीयाचे उत्सर्जन कितीतरी कमी आहे आणि गावातल्या शेतमजुराचे त्याहून कमी. हा हिशेब मांडणे हाही गवाहीचाच भाग आहे. पण हिशेब मांडायला आधी विषय आपला मानावा लागतो.

हिमालयात हा विषय जीवनमरणाचा आहे. हिंदुकुश-हिमालय भागातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने घटल्या, असे काठमांडूच्या 'इसिमोड' संस्थेने २०२३ मध्ये सांगितले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले आणि तीस्तेवरचे मोठे धरण वाहून गेले. पाकिस्तानातल्या हुंझा खोऱ्यात मे २०२२ मध्ये अशाच लोंढ्याने हसनाबादचा पूल तोडला. तिथे शेजारच्या बाल्टिस्तानात मुसलमान शेतकऱ्यांची एक जुनी परंपरा आहे. ते हिमनद्यांना नर आणि मादी मानतात, दोन्हींचे बर्फाचे तुकडे पाठीवर वाहून उंच सावलीच्या जागी एकत्र पुरतात आणि तिथे नवी हिमनदी वाढावी म्हणून दुआ करतात. लडाखमध्ये चेवांग नोर्फेल या अभियंत्याने हिवाळ्यातले वाया जाणारे पाणी अडवून कृत्रिम हिमनद्या केल्या, म्हणजे वसंतात पेरणीला पाणी मिळेल. या लोकांना बर्फाकडे देखावा म्हणून पाहणे परवडत नाही.

हिमनदीचे काम काय? पाणी असते तेव्हा साठवायचे आणि नसते तेव्हा हळूहळू द्यायचे. गोंदियात हे काम तलाव करतात. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आणि बोड्या ही आपली हिमनदी आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. पाऊस दडी मारतो तेव्हा धानाची रोवणी या तलावांच्या पाण्यावर वाचते. आज त्यांतले कितीतरी गाळाने भरले आहेत, बेशरमच्या झुडपांनी वेढले आहेत, कडेने अतिक्रमणे आहेत. नवेगावबांधला बोटीत बसून सूर्यास्त पाहणारा पर्यटक आणि ग्लेशियर बेमधला प्रवासी यांच्यात फरक फक्त तिकिटाचा आहे.

याच तलावांवर आणि धानाच्या बांध्यांवर सारस जगतो. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदियातच उरला आहे आणि तोही मोजकाच. दरवर्षी जूनमध्ये वनविभाग आणि स्थानिक कार्यकर्ते पहाटे तलावांवर बसून सारस मोजतात. हे कामही पाहण्याचेच, पण इथे पाहिलेले वहीत उतरते. मुंबईत जन्मलेले सलीम अली (१८९६-१९८७) यांनी आयुष्यभर हेच केले. पक्षी पाहिला, नोंद केली, आणि भरतपूर किंवा सायलेंट व्हॅलीवर संकट आले तेव्हा त्या नोंदींच्या बळावर सरकारशी बोलले. त्यांनी आपल्या नावाची आधी सफाई दिली नाही, त्यांच्या वह्याच बोलल्या.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही लॉग ठेवतो. काय झाले, कधी झाले, कुठे झाले. लॉग नसेल तर बिघाड कुणालाच सिद्ध करता येत नाही. गावाचेही तसेच आहे आणि त्यासाठी साधने हाताशी आहेत. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावची नोंदवही मागून पाहा. ती नुसती कागदोपत्री भरलेली असेल तर तलाव, पक्षी, मासे, जुनी झाडे यांची खरी नोंद करायला बसा. तिथे शेजारच्या ढिवर काकांचे ज्ञान लागेल, कोहळी आजोबांचे लागेल. मोहल्ल्याबाहेरची ओळख अशीच होते. मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणाची जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात येते. तिथे कुणीही स्थानिक रहिवासी उभा राहून बोलू शकतो आणि त्याचे म्हणणे नोंदवणे प्रशासनावर बंधनकारक असते. त्या मंडपात आपली मुले-मुली किती दिसतात? जुम्याच्या नमाजानंतर तलावाच्या गाळाबद्दल दहा मिनिटे बोलायला कुठल्याही इमामाची हरकत असण्याचे कारण नाही. आणि हे काम फक्त मुलांचे नाही. पाणी भरणाऱ्या बायकांना तलाव कधी आटतो ते सर्वात आधी कळते, तेव्हा नोंदवहीत त्यांची नावे पहिली असावीत.

क्रूझला जाऊ नका असे मी म्हणणार नाही. ऐपत असेल तर जरूर जा, जग पाहा. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांना गोंदिया-नागपूरपलीकडे जाण्याची संधी प्रथमच मिळते आहे, तिच्यावर अपराधाचे ओझे टाकण्याचा अधिकार कुणालाच नाही. फक्त परत आल्यावर आपल्याकडे फोटोंखेरीज सांगण्यासारखे काय आहे, हे स्वतःला विचारा. जे पाहिले ते का घडते, कुणामुळे घडते, आपल्या जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे चार माणसांना समजावता आले तर तो प्रवास सार्थकी लागला.

येत्या जूनमध्ये सारसगणना होईल तेव्हा पहाटे फजरनंतर अर्ध्या तासात तलावावर पोहोचता येते. वही आणि पेन सोबत न्या.